तेरावं नाव

आमच्या गावात 'वरची शाळा' म्हटलं की कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. डोंगराच्या उतारावर विटांची एक इमारत, पुढे मातीचं मैदान. एका इयत्तेचा एकच वर्ग, वर्गात वीस-बावीस मुलं, आणि इयत्ता तीनच, दहावी ते बारावी. आमचे हे, म्हणजे यॉनजूचे बाबा, तालुक्याची बस चालवतात. ते म्हणायचे, "सगळी शाळा माझ्या दोन फेऱ्यांत घरी पोचते."

शाळा एवढीशी, पण अभ्यास असा की मुलांचे चेहरे उतरायचे. माझं केसांचं दुकान बाजारच्या चौकात आहे. पर्म करायला आलेल्या बायकांना रोलर लावता लावता मी त्या शाळेच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकल्या. कुणाच्या भाच्याला एकच निबंध पाच वेळा लिहायला लावला. कुणाच्या लेकीचं गणिताचं उत्तर बरोबर होतं, तरी ते कसं आलं ते फळ्यापाशी उभं राहून सांगता येईना म्हणून मार्क कापले. कालमी गावाकडच्या एक आजी आहेत, सगळे त्यांना कालमीच्या आजीच म्हणतात. त्या म्हणायच्या, "त्या शाळेत पोरांना शिकवत नाहीत गं, सोलतात."

मी हसायचे. मग माझीच मुलगी तिथे गेली.

यॉनजू तशी शांत पोर. पहिल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीशी तिचं बिनसलं, आणि लहान शाळेचा काच काय असतो ते मला तेव्हा समजलं. मोठ्या शाळेत दुपारच्या जेवणाला माणूस दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतो. इथे दुसरं टेबलच नाही. महिनाभर पोरगी एकटी जेवली. शेवटी तानबी नावाची एक बडबडी मुलगी आपलं ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुझ्या ताटातला मुळा दे, मला आवडतो." तेव्हापासून त्या दोघी मैत्रिणी. तक्रारी आणखीही होत्या. संगीताच्या बाई दुसऱ्या शाळेच्या, त्या फक्त मंगळवारी यायच्या. चिनी भाषा शिकायची असली तर शिक्षकच नव्हते. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकं चार, त्यातल्या एकाचा स्क्रू ढिला.

पण तिथे मा सर होते. फिजिक्स शिकवायचे. पन्नाशीचा माणूस, केस कायम मागून चपटे, झोपेतून उठून तसेच आल्यासारखे. ते फळ्यावरची चूक पुसू देत नसत. "राहू दे ती. कुठून वळली ते बघू या," म्हणायचे आणि सगळा तास त्या एका चुकीमागे घालवायचे. दुसऱ्या वर्षी यॉनजूला फिजिक्सचं वेड लागलं. भात वाढताना मला विचारायची, "आई, वाफ झाकणाला ढकलते म्हणजे नक्की काय करते?" मी म्हणायचे, "झाकण ढकलते. आता जेव."

त्या वर्षी उन्हाळ्याआधी निकाल आला. फिजिक्सला बारा मुलं होती, त्यांत यॉनजू पहिली. आणि कागदावर श्रेणी दुसरी.

मला वाटलं छपाईची चूक असेल. नव्हती. आपल्याकडे किती मार्क मिळाले याला फारसा अर्थ नाही, तुमच्यामागे किती जण आहेत त्यावर श्रेणी ठरते. शंभरातल्या पहिल्या चौघांना पहिली. विषयाला तेरा मुलं असली तर हिशेब अर्ध्याच्या जरा वर जातो, तो एक धरतात, म्हणून कशीबशी एकाच्या वाट्याला येते. बारा असली तर कुणाच्याच नाही. पोरीने शंभरपैकी शंभर काढले असते तरी तिची श्रेणी दुसरीच.

ऑक्टोबरात डेगू शहरातल्या वन्सं आल्या. कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं, म्हणून माझ्याकडे केस करून घ्यायला. खुर्चीत बसल्या बसल्या सुरू झाल्या.

"पोरगी पहिली आली आणि कागदावर दुसरी. हे कुठलं गणित?"

"वन्सं, मान सरळ ठेवा."

"मान राहू दे. आमच्या भागातल्या शाळेत फिजिक्सला दीडशे पोरं बसतात. सहा जणांना पहिली श्रेणी. तुझी यॉनजू त्या सहांत झोपेतही येईल."

शेजारी ड्रायरखाली कालमीच्या आजी बसल्या होत्या. ऐकू येत नाही असं दाखवत होत्या, पण लगेच बोलल्या, "दीडशे पोरांत मास्तरला तिचं नाव तरी ठाऊक असेल का?"

"आजी, नाव ठाऊक असून काय करायचंय? विद्यापीठवाले नाव बघत नाहीत, आकडा बघतात."

"तुमच्या मुलाचा कुठला आकडा आला होता?" आजींनी विचारलं.

वन्संचा मुलगा मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. वन्सं आरशात माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या म्हातारीचे केस जरा जास्त भाज."

थट्टा बाजूला ठेवली तर वन्संचं म्हणणं खोटं नव्हतं. शाळा बदलायची तर घरच्यांनाही तिथे राहायला जावं लागतं, त्याचाही विचार त्यांनी केला होता. त्यांचा वरचा मजला रिकामा होता. "दुकान बंद कर आणि ये. दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. पोरीच्या आयुष्यापुढे चार खुर्च्यांचं दुकान काय घेऊन बसलीस?"

मी यॉनजूच्या बाबांना विचारलं. ते सोयाबीनचं सूप भुरकत होते. "अहो, काहीतरी बोला."

"मी बस चालवतो," ते म्हणाले. "प्रवाशाने कुठे उतरायचं ते मी सांगत नाही."

"ती प्रवासी नाही, तुमची मुलगी आहे."

"म्हणून तर तिला विचार म्हणतोय."

यॉनजूला विचारलं तर ती म्हणाली, "मला जायचं नाही." मग थोड्या वेळाने, "पण पहिली श्रेणी हवी आहे." एवढं बोलून खोलीत गेली. मलाही दोन्ही हवं होतं, तर मी तिला काय समजावणार?

नोव्हेंबरात तिसऱ्या वर्षाचे विषय ठरवायचा कागद आला. फिजिक्स पुन्हा बाराच मुलं घेणार होती. आणि तेव्हा मी ते केलं.

तानबीची आई माझी नेहमीची गिऱ्हाईक. तानबीला साहित्य घ्यायचं होतं, पण तिची शाश्वती नव्हती, आज हे तर उद्या ते. मी तिच्या आईचे केस धुवायला घेतले. बेसिनमध्ये डोकं घातलेलं माणूस कुठे पळणार? शांपू चोळता चोळता म्हटलं, "तानबीने फिजिक्स घेतलं तर बरं होईल हो. दोघी एकत्र बसतील. आणि तेरा झाली ना, तर..." पुढचं मी बोलले नाही. तिला ते कळलं. डोळ्यांवर रुमाल होता, तरी कळलं. मग म्हणाली, "बोलून बघते तिच्याशी."

आठवड्याने तानबीचं नाव फिजिक्सच्या यादीत आलं. तेरावं.

महिनाअखेरीस आमच्या अंगणात किमचीचा, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबीचं तिखट लोणचं घालायचा, घाट होता. सहा बायका, ऐंशी गड्डे कोबी, सगळ्यांच्या हातात गुलाबी रबरी मोजे, कोपरापर्यंत लाल तिखट. यॉनजू आणि तानबी पानांत मसाला भरत होत्या. कुणीतरी सहज विचारलं, "तानबी, तू गं कधीपासून फिजिक्सवाली झालीस?" तानबी हसत म्हणाली, "मी कुठली! मी यॉनजूच्या खाली बसायला चालले आहे. कुणीतरी तळाला नको का?"

बायका हसल्या. यॉनजू हसली नाही. तिने आधी तानबीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मी कोबीत मान खुपसली. तेवढ्यावरूनच तिने ओळखलं.

"आई, तू सांगितलंस?"

"भर ते पान नीट, मसाला सांडतोय."

"तू माझ्या मैत्रिणीला माझ्या पायाखाली ठेवायची विटकर समजलीस?"

तिने मोजे काढले, घमेल्याच्या काठावर ठेवले आणि निघून गेली. तानबीच्या आईने हळूच मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. त्या दिवशी मला ज्या लाजेने घेरलं ती मी विसरलेले नाही. वर्षभर ती किमची काढताना माझा हात अडायचा.

दोन आठवड्यांनी मा सर दुकानात आले. या माणसाने केस कापून घ्यायला स्वतःहून यावं म्हणजे नवलच. मी कापड गळ्याभोवती बांधलं.

"तुमच्या मुलीने येऊन सांगितलं, तानबीचं नाव काढा," सर म्हणाले.

"मग काढलंत?"

"नाव तिचं नाही, मी कसं काढू? तानबीला विचारलं. ती म्हणाली, मला यायचंय की नाही ते मलाच ठाऊक नाही. म्हटलं, दोन आठवडे दुसऱ्या वर्षाच्या तासाला येऊन बस, मग ठरव." त्यांनी आरशात बघून कानाजवळ बोट लावलं. "इथले जरा कमी करा. तर ती बसतेय. रोज भांडते माझ्याशी. काल म्हणाली, हा नियम कुणी केला, त्याला मी दोन प्रश्न विचारणार आहे."

"सर, माझं चुकलं."

"चुकलं," ते म्हणाले. माझी समजूत घालायला काहीही बोलले नाहीत. "आता ती राहतेय म्हणाली. पण एक आधीच सांगतो. माझ्या वर्गात तळाला बसायची जागा नाही. ती आली तर मी तिला शिकवणार. शिकवलं तर ती वर येणार. त्यात तुमच्या मुलीचा फायदाच होईल असं नाही."

माझी कात्री थांबली. "तुम्हीच सांगा सर. डेगूला नेऊ का तिला?"

मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. ते म्हणाले, "नेलंत तर श्रेणी मिळेल, बहुतेक नक्की. तिथल्या प्रयोगशाळा चांगल्या आहेत, मी पाहिल्या आहेत. चार प्रकारची माणसं भेटतील, इथे तीच तीच वीस तोंडं. हे सगळं खरं आहे. माझ्याकडे एकच गोष्ट आहे. यॉनजू चुकली की कुठे चुकली ते मला त्याच दिवशी कळतं. दीडशे मुलांत मलाही ते कळलं नसतं."

त्यांचे केस मी नीट बसवून दिले. बाहेर वाऱ्यावर जाताच पुन्हा चपटे झाले.

दुकान मी बंद केलं नाही. वन्सं तीन महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मार्चात तिसरं वर्ष सुरू झालं. एप्रिलमध्ये पालकांनी तासाला बसायचा दिवस असतो. मी मागच्या बाकावर बसले. तेरा मुलं अर्धगोलात, मधे फळा. सरांनी तानबीला उठवलं. उतारावरून घरंगळणाऱ्या चेंडूचं काहीतरी होतं. तिने दोन ओळी लिहिल्या आणि अडकली.

मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट, दोन, चार. सर खिडकीशी उभे. कुणी खाकरलं नाही, कुणी हळूच उत्तर सांगितलं नाही. यॉनजूला उत्तर येत होतं, तिच्या मानेवरून मला कळत होतं, तरी ती ओठ मिटून बसली होती. सहाव्या मिनिटाला तानबी स्वतःशीच म्हणाली, "थांबा थांबा. चेंडू नुसता खाली येत नाहीये, गरगर फिरतोय पण. मग थोडा जोर त्या फिरण्यात जाणार ना?" आणि पहिली ओळ खोडली.

सर फक्त म्हणाले, "हं. पुढे?"

बारा मुलांचे खांदे एकदम सैल झाले. मी केस कापणारी बाई, मला त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी माझे डोळे भरून आले. सहा मिनिटं एका मुलीसाठी अख्खा वर्ग थांबला होता. माझ्यासाठी आयुष्यात कुणी एवढं थांबलं नव्हतं.

जुलैत निकाल लागला. तेरा मुलं, पहिली श्रेणी एक. ती मुन्सॉक नावाच्या मुलाला मिळाली. वर्षभर तोंडातून शब्द न काढणारा, चष्मा लावणारा पोरगा. यॉनजू दीड मार्काने मागे. तानबी आठवी.

वन्संचा फोन आला. "म्हणजे तू बेसिनमध्ये एवढा खटाटोप केलास तो भलत्याच पोरासाठी?"

"हो वन्सं."

पलीकडे त्या जोरात हसायला लागल्या. हसता हसता दोघींचं भांडण मिटलं.

सोलच्या ज्या विद्यापीठाची यॉनजूने आस धरली होती, तिथे तिचं नाव लागलं नाही. श्रेणीमुळेच, असं कुणी लेखी देत नाही, पण तसंच असावं. दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. ते दोन दिवस त्या शाळेच्या खात्यात मी वजाच धरते, अजूनही. मग दुसऱ्या एका सरकारी विद्यापीठात फिजिक्सलाच प्रवेश मिळाला. आता तिथे तिचं बरं चाललंय. प्राध्यापकांच्या मागे प्रश्न घेऊन फिरते म्हणे, आणि ते जिना चढून पळतात.

तानबी साहित्यालाच गेली. जाण्याआधी फेब्रुवारीत केस कापायला आली. तिच्या आईची मी त्याच हिवाळ्यात क्षमा मागितली होती, पण पोरीशी बोलायचं राहून गेलं होतं. कापड बांधलं आणि म्हटलं, "तानबी, तेव्हा मी तुला विषय घ्यायला लावला. तुला विचारलंसुद्धा नाही. माफ कर मला."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काकू, खरं सांगू? मला फिजिक्स अजूनही आवडत नाही."

"हो ना गं."

"पण मला ते येतं." तिने खुर्चीत जरा ताठ बसून मान वर केली. "मला वाटलं नव्हतं, असं काही मला येईल म्हणून. आता कापा, खांद्यापर्यंत."