कबरीकडे वळवलेला कॅमेरा

“दारावर नको. इकडे वळव, कबरीवर.”

शिडीवर चढून कॅमेरा बसवणारा फिलिपो थांबला. “काका, चोर दारातून येतो. कबरीतून काय नेणार?”

“तू वळव. चोराचं मी बघतो.”

इओसुआची बायको लुपे हिला जाऊन अकरा महिने झाले होते. सामोआच्या रिवाजाप्रमाणे तिला घरासमोर अंगणातच पुरलं होतं. त्याने तीस वर्षं गावची बस चालवली. आता हृदय साथ देत नव्हतं, आणि मुलगी पेनिना त्याला ऑकलंडला नेणार होती. संध्याकाळची प्रार्थना तो रोज कबरीपाशी चटईवर बसून करायचा. तिकडून कबर दिसली तरच विमानात बसेन, असं त्याने मुलीला बजावलं होतं.

फिलिपोने फोन त्याच्या हातात दिला. पडद्यावर पांढरी कबर आणि तिच्यावर वाळत घातलेली शेजारणीची चादर.

“दिसतंय की! झालं काम.”

“झालं कसलं? घरच्या वायफायवर दिसणारच. ते बंद करा नि रस्त्याने लांब जा. तिथून दिसलं, तर ऑकलंडहून दिसेल.”

इओसुआ चर्चपर्यंत गेला. चित्र उघडेना. त्याने फिलिपोला फोन लावला.

“नुसतं चाक फिरतंय रे.”

“थांबा, एक बटण दाबायचं राहिलंय.”

तेवढ्यात घंटेऐवजी टांगलेल्या गॅसच्या रिकाम्या टाकीवर ठोके पडले. प्रार्थनेची वेळ. इओसुआ घराकडे वळला, तर पहाऱ्यावरचा लोतो आडवा आला.

“बसा काका. प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर चालायचं नाही.”

“पाच मिनिटांची वाट आहे. ती एकटी आहे तिथे.”

“लहानपणी प्रार्थनेच्या वेळी मी पळत होतो तेव्हा तुम्हीच कॉलर धरून बसवलं होतंत मला.”

इओसुआ दगडावर टेकला. प्रार्थनेला तिच्याजवळ नसण्याची ही पहिलीच वेळ. घराघरांतून गाणं सुरू झालं आणि हातातला फोन उजळला.

कबर दिसत होती. फिलिपोने चादरीची घडी घालून बाजूला ठेवली, चपला काढल्या आणि तो मान खाली घालून जमिनीवर बसला. चटई त्याने मोकळी सोडली होती.

इओसुआ त्या मोकळ्या चटईकडे बघत राहिला. मग फोन गुडघ्यावर ठेवून त्यानेही हलकेच गाणं धरलं.

प्रार्थना संपल्याचे ठोके पडले. फिलिपोचा फोन आला. “काका, दिसलं का?”

“दिसलं. पेनिनाला सांगतो, तिकीट काढ म्हणून.”

फोन खिशात टाकून, डॉक्टरांनी मना केलेलं असूनही, तो भरभर घराकडे निघाला.