कमानीखालचा शिष्टाचार

"अगं सरक ना पुढे!" दुर्बिणीला डोळे लावून ताई करवादली.

थोरली सरकली नाही. उलट थोडी मागे आली आणि डुलत राहिली. समोरून येणारी धाकटीही मागे गेली. मग दोघी एकदमच पुढे आल्या आणि एकमेकींना पाहून पुन्हा एकदमच मागे.

थोरली आणि धाकटी म्हणजे लष्कराच्या बिनमाणसांच्या होड्या. नदीवरचा पूल पडला होता. पाण्यात माणूस दिसला की वरच्या टेकडीवरून शत्रूच्या गोळ्या येत, म्हणून सामान पोचवायचं काम या दोघींकडे होतं. एक जायची, तेव्हा दुसरी यायची. मोडक्या पुलाची एकच कमान मोकळी होती, तीही एका होडीपुरती. कमानीखाली काठावरचा संदेश पोचत नसे. तिथे होडीने आपल्याच अकलेने वागायचं. आणि दोघींना शिकवण एकच: समोरून कोणी आलं तर आपण मागे व्हायचं. दारात दोन गुणी मुलं समोरासमोर आली आणि दोघंही "आधी तू, आधी तू" म्हणत राहिली, तर घरात शिरणार कोण?

थोरलीच्या पोटात औषधांची पेटी होती. पैलतीरावरच्या ठाण्यात ताईचा भाऊ जखमी पाय घेऊन पडला होता आणि जखम चिघळत चालली होती.

वायरलेस खरखरला. "ताई, तुझ्या होड्या गप्पा मारतायत का गं?" भावाचा आवाज तापाने जड झाला होता, पण खोडी गेली नव्हती.

"गप पड तू. पाणी पी."

बॅटरी उतरली तशा दोन्ही होड्या शहाण्यासारख्या आपापल्या काठाला परतल्या. पेटी जिथली तिथे. कालही हेच झालं होतं.

"साहेब, एकटी थोरलीच पाठवू या," ताई मेजरसाहेबांना म्हणाली.

"दोन मिळाल्यात, दोन चालल्या पाहिजेत. वर काय सांगू?"

"मग निदान थोरलीला शिकवू या, की तू थांबायचं नाहीस. धाकटी होईल मागे."

होड्यांना शिकवणारा चष्मेवाला लगेच म्हणाला, "हे सोपं आहे. आत्ता करतो."

"थांबा. विचारल्याशिवाय नाही," मेजरसाहेब म्हणाले.

विचारण्यात दुपार गेली. शेवटी वरून उत्तर आलं: सूचना उत्तम, दोन्ही होड्यांना लागू करा.

ताईने कपाळावर हात मारला. "दोघींना? अहो साहेब, मग कोणीच मागे होणार नाही!"

"एका सैन्यात दोन नियम कसे चालतील?"

"घरात दोन पोरं असली तरी दोघांना वेगळं सांगावं लागतं, साहेब!"

"हे घर नाही, ताई."

चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिलं, खांदे पाडले आणि बटण दाबलं.

या वेळी कमानीपाशी कोणी थांबलं नाही. थोरली सुसाट आत शिरली, समोरून धाकटीही. धाडकन आवाज झाला. पाण्याचा फेस निवळला तेव्हा धाकटीची फुटलेली शेपटी तेवढी वर दिसत होती, मग तीही दिसेना. थोरली नाकाला पोचा घेऊन, वाकडीतिकडी होत, पलीकडच्या काठाला लागली.

बऱ्याच वेळाने वायरलेस बोलला. "ताई, सुई टोचली गं. बैलाला टोचतात तसली आहे. दुसरी होडी कुठाय?"

"बुडाली," ताई म्हणाली. रागाने की सुटकेने, तिचं तिलाच कळेना. सकाळी जे मागितलं होतं तेच आता झालं होतं. एकच होडी उरली होती.

मागे मेजरसाहेब फोनवर सांगत होते, "हो सर, नव्या नियमाने औषध पोचलं. हो, अगदी पहिल्याच फेरीत."

फोन ठेवून ते खुशीत वळले. "ताई, उद्या आणखी दहा होड्या येतायत. सगळ्या आपल्या नियमाने शिकवलेल्या."

ताईने दुर्बीण चष्मेवाल्याच्या हातात दिली. "धर. माझ्याच्याने नाही बघवणार."