एकोणिसावी

'शिडी'चं कार्ड वाचून झालं तशी संपादक थांबली आणि हशा ओसरेपर्यंत टेबलावरच्या कार्डांची चळत उगीचच सारखी करत राहिली. कुठे हसू येणार आणि ते किती वेळ टिकणार, याचा तिने घरी आरशासमोर उभं राहून अंदाज घेतला होता. आतापर्यंत एकही अंदाज चुकला नव्हता. शिडीवर तिने वाचलं होतं:

"शिडी वर्गात शिरते तेव्हा डोकं पहिल्या तासाला हजर होतं आणि पाय दुसऱ्या तासाला पोचतात. तिच्या मागच्या बाकावरच्यांनी पाच वर्षांत फळा पाहिलेला नाही. ते पास झाले, तर ती त्यांची स्वतःची पुण्याई."

शिडी स्वतःच बाकावर डोकं ठेवून हसत होती. वर्गशिक्षिका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. बाईंना हसवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं, असं सगळी शाळा म्हणे, आणि आज तो पाझर सातव्यांदा फुटला होता.

शाळा सोडून जाणाऱ्या वर्गातल्या एकाने सगळ्यांची चार-चार ओळींची शब्दचित्रं लिहायची, निरोपाच्या दिवशी ती वाचायची आणि मग आठवडाभर फळ्यावर लावून ठेवायची, अशी या शाळेची जुनी पद्धत. यंदा ते काम कुणाकडे जाणार हे वेगळं सांगायला नको होतं. तीन वर्षं भित्तिपत्रक चालवणारी मुलगी एकच होती. वर्ग तिला संपादक म्हणे, आणि ते नाव तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की खऱ्या नावाने हाक आली तर ती जरा उशिराच वळे.

आता संपादकीणबाईंचं लिहिणं कितीही झकास असलं, तरी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिचं तिलाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. म्हणून भित्तिपत्रकाची पक्की प्रत मोती काढायची. एकदा बाई तिची वही पाहून म्हणाल्या होत्या, "काय मोत्यासारखं अक्षर आहे!" तेव्हापासून मुली तिला मोती म्हणू लागल्या आणि मुलं मोत्या. मोत्या हे कुत्र्याचं नाव असतं हे मोतीला माहीत नसावं किंवा माहीत असून चालत असावं. ती दोन्ही हाकांना ओ द्यायची. गेले चार आठवडे शाळा सुटल्यावर दोघी मागच्या बाकावर बसत. संपादक आपल्या वहीतून मोठ्याने वाचून दाखवी, स्वतःच हसे, आणि वही मोतीकडे सरकवून घरी जाई. मोती मागे थांबून कार्डावर उतरवून काढी. ती पक्की कार्डं संपादकच्या हातात आजच आली होती.

पुढचं कार्ड 'तास' याचं होतं.

तास म्हणजे शिपाईकाकांचा मुलगा. वडील शाळेचा तास वाजवतात म्हणून मुलाचं नाव तास. त्याच्यावरची ओळ संपादकला सगळ्यांत आवडती होती: वडील तास वाजवतात आणि चिरंजीव वर्गाचे बारा वाजवतात. ती सुचली तेव्हा तिने रात्रीच्या जेवणात घरच्यांनाही ऐकवली होती. वाचण्याआधी एक छोटा विराम घ्यायचा, हे ठरलेलं. तिने विराम घेतला, मान वर केली, आणि तिला दारात शिपाईकाका दिसले.

ते पाण्याचा जग ठेवायला आले होते आणि मुलाचं नाव ऐकून, जग हातात तसाच धरून, थांबले होते. ऐकायला म्हणून त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या.

काका रोज या वेळी पाणी आणतात. पाच वर्षं आणतात. ते तिच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न तिला आता पडत होता, आणि चाळीसेक तोंडं तिच्याकडे बघत होती. दुसरं काही सुचेना. तिने कार्डाकडे पाहिलं आणि जे लिहिलं होतं ते वाचायला सुरुवात केली.

"वडिलांनी तास वाजवला की सगळी शाळा पळत सुटते. हा एकटा शांतपणे दप्तर भरतो. घंटा घरचीच आहे, घाई कसली?"

वर्ग हसला. काका सगळ्यांत जास्त हसले, इतके की जगातलं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. तासाने लाजून मान खाली घातली, पण त्याचे कान हसत होते. बाई म्हणाल्या, "वा गं! हे फार सुरेख."

संपादकने किंचित मान झुकवून ती वाहवा घेतली. घेतल्यावर तिला कळलं की ती आपली नाही. तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. मोती शाईच्या पेनाचं टोपण दातांत धरून खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर ती जपून वाचू लागली, तेव्हा तिला जागोजागी टाके दिसू लागले. नळ हा जरा काही झालं की रडणारा मुलगा. 'नळाला गुणपत्रिका दाखवा, पाणी येतं,' हे होतं तसंच होतं, पण त्यापुढची त्याच्या नापास वर्षाची ओळ गायब होती आणि तिथे 'दुसऱ्याची दाखवली तरी येतं' असं आलं होतं. हशा तर जास्तच पिकला. संपादक एकेक कार्ड वाचत गेली, टाळ्या घेत गेली, आणि प्रत्येक टाळीबरोबर तिच्या कानशिलांची आग वाढत गेली. शेवटी तिचं स्वतःचं कार्ड होतं. इतरांना चार ओळी. स्वतःला तिने सोळा दिल्या होत्या. मोतीने त्यातली एकही गाळली नव्हती. सगळ्या सोळाच्या सोळा तिला उभं राहून वाचाव्या लागल्या.

"सदतीस झाली," बाई म्हणाल्या. त्या हजेरीच्या सवयीने बोटांवर मोजत होत्या. "तुम्ही अडतीस आहात ना गं? कोण राहिलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग शिडी म्हणाली, "मोती राहिली की."

संपादकने कार्डांची चळत उलटून पाहिली. मोती? मोतीचं लिहिलंच नाही? चार आठवडे ती शेजारी बसली होती. सदतीस कार्डं तिच्या हातून गेली होती.

खरं तर एवढंच म्हणायचं होतं की चुकलं. पण वाहवा घ्यायला सोकावलेली जीभ चूक कबूल करायला वळत नाही. तिने डोक्यात आलं ते बोलून टाकलं.

"बाई, यादी मोतीनंच करून दिली होती. तिनं सगळ्यांना मोजलं आणि स्वतःलाच गाळलं. गोष्टीतले दहाजण नदी उतरून गेले आणि मोजले तर नऊच भरले, तसलं झालं."

हसू फुटलं. आजच्या दिवसातलं सगळ्यांत मोठं.

"काय गं मोती, खरं का?" बाईंनी विचारलं.

मोती उठून उभी राहिली. टोपण तिच्या हातात होतं. तिने एकदा संपादककडे पाहिलं, त्यात राग वगैरे काही नव्हता.

"हो बाई. माझ्याच हातून राहिलं."

"वेंधळी आहेस. उद्या दुपारी पालक येतील बघायला, त्याआधी हिचंही लिहून लावा."

घरी येऊन संपादकने दप्तर न उघडताच आईला सांगितलं की कार्यक्रम छान झाला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग तोंड का असं?" तिने विचारलं. "दमले," संपादक म्हणाली, आणि वही काढून बसली.

मोतीवर चार ओळी. त्यात काय मोठंसं? पण पेन चालेना. मोती निळ्या-काळ्या शाईने लिहिते. लिहिताना टोपण दातांत धरते. ओळ संपली की कागदावर फुंकर मारते. बाकावर कुणी आलं की न सांगता कडेला सरकते. यापुढे संपादकला मोतीबद्दल काही माहीत नव्हतं. तिला भाऊ आहे की बहीण, ती शाळेतून कुठल्या बाजूला जाते, तिला कशाचं हसू येतं, काही नाही. चार आठवडे आपणच बोलत होतो, हे तिच्या लक्षात आलं. मोतीला एक शब्द विचारल्याचं आठवेना.

निदान यादीत तिचं नाव खरंच नाही ना, एवढं पाहावं म्हणून तिने वहीच्या शेवटच्या पानात ठेवलेला कागद काढला. ते पाहून झालं की मन शांत होईल, अशी तिला आशा होती.

यादी अडतीस नावांची होती. एकोणिसाव्या आकड्यापुढे, इतरांइतक्याच आकाराच्या अक्षरांत, मोतीने आपलं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. आणि त्या नावावर पेन्सिलीने एक रेघ मारून समासात कोंबडीच्या पायांनी लिहिलं होतं: 'ही घरची. शेवटी.'

संपादकला तो दिवस आठवला. पहिलाच दिवस होता. मोती समोर बसलेली असतानाच तिने ती रेघ मारली होती आणि वर म्हणाली होती, "तुझं काय, तू घरचीच. तुझं निवांत लिहू." मोती हसली होती.

"आई," ती म्हणाली, "पाहुणे आले की घरच्यांनी मागून जेवायचं, असं तू म्हणतेस ना?"

"म्हणजे काय? घरच्यांची काळजी नसते."

"आणि मागून काही उरलंच नाही तर?"

आईचा हात घडीवर थांबला. "असं एकदोनदा झालंय खरं," ती म्हणाली. "पण घरचं माणूस बोलून दाखवत नाही."

संपादकने यादी परत वहीत ठेवली. तिला आपली इतकी लाज वाटली की आई वळून बघेल म्हणून ती उठून आतल्या खोलीत गेली.

सकाळी ती पहिली घंटा व्हायच्या आधीच शाळेत पोचली. शिपाईकाका वर्गाचं कुलूप काढत होते.

"पोरी, काल माझ्या पोराबद्दल काय झकास लिहिलंस," ते म्हणाले. "घंटा घरचीच आहे! घरी दोनदा म्हणून दाखवलं मी. त्याची आईसुद्धा हसली."

"काका, ते मी नाही लिहिलं. मोतीनं लिहिलं. मी लिहिलं होतं ते चांगलं नव्हतं."

"असू दे, असू दे," काका हसत म्हणाले. "मोठी माणसं असंच म्हणतात."

खरं सांगूनही तिच्या पदरात कौतुकच पडलं. ती मान खाली घालून आत गेली.

मोतीने काल शाळा सुटल्यावर सगळी कार्डं फळ्यावर टाचण्यांनी लावली होती, यादीच्या क्रमाने. अठरावं कार्ड आणि विसावं कार्ड यांच्यामध्ये एका कार्डाएवढी जागा मोकळी होती. खालच्या कट्ट्यावर एक कोरं कार्ड ठेवलं होतं, पेन्सिलीने पुसट ओळी आखून.

संपादक पहिल्या बाकावर बसली. वर मोती असं न लिहिता तिने यादीत बघून बघून तिचं पूर्ण नाव लिहिलं. मग सावकाश, जमेल तेवढं अक्षर सरळ ठेवत, तिने खाली लिहिलं. अक्षरं तरी कलंडलीच. लिहून होतं न होतं तोच दारात पावलं वाजली. मोती आली होती.

"काल मी खोटं बोलले," संपादक म्हणाली.

"हो."

"मग तू हो का म्हणालीस?"

मोतीने दप्तर बाकावर ठेवलं. थोडा विचार केला. "सगळे हसत होते ना," ती म्हणाली.

संपादकने कार्ड तिच्यापुढे केलं. मोती उभ्यानेच वाचू लागली.

'ही यादीत एकोणीसावी होती. लिहिणारीने हिला घरची म्हणून शेवटी ठेवलं आणि विसरली. मग सगळ्यांसमोर सांगितलं की हिनेच स्वतःला गाळलं, आणि ही हो म्हणाली. तासाची शेवटची ओळ हिची आहे, नळाचीही. हिच्याविषयी लिहिणारीला एवढंच माहीत आहे.'

वाचून झाल्यावर मोतीने पेनाचं टोपण काढून दातांत धरलं. संपादक तिच्या हाताकडे बघत राहिली. हा हात काय करतो हे तिला आता ठाऊक होतं. कितीतरी कार्डांवर त्याने तेच केलं होतं. तो आता 'हिनेच स्वतःला गाळलं' या ओळीलाही काहीतरी गोड टाका घालणार, वर्ग हसेल असं काहीतरी करणार आणि दुपारी पालक ते वाचून हसून पुढे जाणार. मनातल्या मनात तिला तसं व्हावंसंही वाटत होतं, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

पेन कार्डावर टेकलं, जरासं हललं आणि उचललं गेलं. मोतीने कागदावर फुंकर मारली.

"एकोणीसला दुसरी वेलांटी," ती म्हणाली, "पण एकोणिसावीला पहिली."

"आणि बाकीचं?"

मोतीने चार टाचण्या घेतल्या आणि कार्ड मोकळ्या जागेत धरून चारी कोपरे नीट जुळवले.

"बाकी बरोबर आहे," ती म्हणाली.