विमानाची कच्ची वही

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही," शाईकाका फोनमध्ये म्हणाले, "कुणाचाच बसत नाही. पण आमच्या हँगरमधलं एक विमान एकदा पायलटला न विचारता घरी आलं होतं."

"म्हणजे?" पलीकडून फुलांच्या व्यापाऱ्याने विचारलं.

"म्हणजे पायलटला लागली डुलकी. विमानाला रस्ता पाठ. वर्षानुवर्षं तीच फेरी, तीच वेळ. आलं, उतरलं, आपल्या जागेवर येऊन उभं राहिलं. पायलटला आम्ही चहा देऊन उठवलं."

"काका, मी गिऱ्हाईक आहे हो. नातू नाही."

"नातवाला मी याहून मोठी सांगतो."

समोरच्या टेबलामागून लेकीने दोन बोटांची कात्री करून हवेत चालवली. आवरा. शाईकाकांनी मान डोलावली आणि आणखी दहा मिनिटं बोलले.

ती खोली एका लाँड्रीच्या वर होती. खाली कपडे वाळवायची यंत्रं घुमायची आणि वर जमीन थरथरायची. त्यात लेकीचा उजवा गुडघा टेबलाखाली दिवसभर हलत असायचा, त्यामुळे टेबलावरची पेन्सिल कधी एका जागी ठरली नाही. चौदा महिने त्या खोलीत कुणीच एका जागी ठरलं नव्हतं. लेक फोन घेऊन खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालायची. तिचा दीर, ज्याला सगळेच भाऊजी म्हणत, संगणकासमोर बसून दर पाच मिनिटांनी तेच पान नव्याने उघडून बघायचा. आणि शाईकाका काहीतरी कारण काढून जिना उतरायचे नि चढायचे.

धंदा असा होता की लोक जशा जुन्या मोटारी आणि कपाटं इंटरनेटवर विकतात, तशी इथे विमानं. भाड्याने घ्या, भाड्याने द्या, विका, विकत घ्या. कल्पना लेकीची, बांधणी भाऊजींची. वेबसाइटवर त्रेसष्ट विमानांचे फोटो होते. भाड्याच्या चार-दोन फेऱ्या झाल्या होत्या, त्यातली एक नवरदेवाला मिरवायची. विक्री मात्र एकही नाही. लोक चारशे फोटो बघत, इंजिनाबद्दल नऊ प्रश्न विचारत आणि शेवटी नमस्कार करून नाहीसे होत. पहिली विक्री झाली की संगणकातून घंटा वाजावी अशी सोय भाऊजींनी हौसेने करून ठेवली होती. ती घंटा कशी वाजते ते त्यांनाही आता आठवत नव्हतं.

"वहिनी, मी शुक्रवारपर्यंत आहे," भाऊजींनी सोमवारी सांगितलं. त्यांना दुसरीकडे नोकरी लागली होती. "हा फुलवाला पक्का झाला तर त्यांना नाही म्हणतो. नाहीतर मला जावं लागेल. आणि मी गेलो की हे सगळं दोन महिने तग धरेल. फार तर तीन."

"होईल पक्का," लेक म्हणाली. पेन्सिल घरंगळून खाली पडली.

शाईकाकांचं काम नोंदींचं. चौतीस वर्षं त्यांनी एका हँगरमध्ये लॉगबुकं लिहिली होती: कुठलं विमान किती तास उडालं, काय तुटलं, काय बदललं, कुणी सही केली. स्वतः ते विमानात कधी बसले नाहीत. बसलेल्यांचं लिहून ठेवत राहिले. त्यांचं पेन गळकं होतं आणि ते बदलायला तयार नव्हते, म्हणून उजव्या हाताची तीन बोटं कायम निळी. नाव तिथून पडलं. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी बोटं साफ झाली, तेव्हा बायको म्हणाली होती, "हे हात कुणा परक्याचे वाटतात." आता तीही नव्हती.

तोंडाने शाईकाका अट्टल थापाडे. डबा विमानाच्या पंखावर विसरला आणि दोन गावं हिंडून गरमच्या गरम परत आला, ही त्यांची साधी गोष्ट. पण लॉगबुकात चौतीस वर्षांत एक अक्षर खोटं नाही. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही, म्हणून ते प्रत्येक नोंद आधी कच्च्या वहीत लिहीत, इंजिनिअरला वाचून दाखवत आणि मगच पक्क्यात उतरवत. अशा चौतीस वह्या घरच्या कपाटात होत्या, दरसाल एक.

लेकीने वडिलांना कामाला घेतलं ते यासाठीच. वेबसाइटवर विमानाच्या फोटोखाली एक हिरवी खूण असे आणि तिच्यापुढे लिहिलेलं असे, 'नोंदी अनुभवी नजरेने तपासल्या.' ती खूण शाईकाका माउसने उमटवत; पेन आता लागतच नसे. जगात आता माझी जागा थोडी, पण हे बटण माझं आहे, असं ते भाऊजींना म्हणत.

मंगळवारी ते फुलवाल्याने पसंत केलेल्या विमानाच्या नोंदी तपासायला बसले. सहा सीटांचं, दोन इंजिनांचं, पांढऱ्यावर निळा पट्टा, रंग ताजा. विकणारा एक दलाल होता. लॉगबुक दुसरं होतं. पहिलं हरवलं म्हणे. शाईकाका फोटो पुढे सरकवत गेले आणि दाराशेजारच्या पितळी पट्टीवर थांबले. विमान विकलं की नंबर बदलतो, रंग बदलतो, देशसुद्धा बदलतो. पट्टीवरचा कारखान्याचा आकडा बदलत नाही.

ते उठले, जिना उतरले, चढले. परत आकडा बघितला. परत उतरले ते थेट घरी गेले.

तासाभराने ते आले तेव्हा त्यांच्या काखेत एक कच्ची वही होती.

"हे आपलं विमान आहे," ते लेकीला म्हणाले. "अकरा वर्षं मी लिहिलंय याचं. याचं डावं चाक एकदा उतरलंच नाही. पोटावर घसरत आलं. डाव्या पंखाच्या आत जी मुख्य तुळई असते, तिला मुळाशी तडा गेला. जोडली. पण इंजिनिअरने लिहून घेतलं, दर शंभर तासांनी झाकण उघडून तडा बघायचा. या दुसऱ्या पुस्तकात ते एकदाही बघितलेलं नाही. दोन हजार तास झालेत."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, काल तुमचं विमान झोपेत घरी आलं."

"ते वेगळं."

"परवा एका वैमानिकाने ढगावर टोपी ठेवली होती."

"अगं, ते बोलणं. हे लिहिलेलं आहे." त्यांनी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. अक्षर सुबक, तारीख, आकडा, तीच पट्टी.

तिने वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. गुडघा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिने दलालाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"पहिलं पुस्तक कसं हरवलं?"

"भिजलं हो, गोदामात पाणी शिरलं. मागेच सांगितलं ना? तुम्हाला विमान विकायचंय की प्रबंध लिहायचाय?"

"पोटावर उतरलं होतं का कधी?"

"माझ्याकडे आल्यापासून नाही. त्याआधीचं मला काय ठाऊक? बाई, दुसऱ्या तिघांनी मागितलंय. शुक्रवारी नाही झालं तर मी त्यांना देतो."

फोन बंद झाला. भाऊजी पडद्याकडे बघत होते, पण पान उघडत नव्हते.

"या वहीवर सही आहे का कुणाची?" लेकीने विचारलं.

"कच्च्या वहीवर सही नसते."

"मग कायद्याने ही पण तुमची गोष्टच. आपण लिहिलंय ना, पहिलं लॉगबुक उपलब्ध नाही? ते खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"घेणारा लहान बाळ आहे का? स्वतः पायलट आहे. त्याने बघावं. आपण नुसता बाजार भरवतो, बाबा. माल आपला नाही."

"मग माझं बटण कशाला ठेवलंस?"

ती उठली. खिडकीशी गेली, परत आली. "चौदा महिने," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चौदा महिने मी लोकांना सांगतेय, होईल, होईल. नवरा म्हणतो, पुरे. आत्या विचारते, अजून खेळणं चालू आहे का. एक विक्री, बाबा. एक झाली की दुसरी आपोआप येते. आणि तुम्ही मला कपाटातली वही आणून दाखवता."

शाईकाका काही बोलले नाहीत. हे इतकं अपूर्व होतं की भाऊजींनी वळून पाहिलं.

लेकीने वाकून वडिलांच्या टेबलावरचा माउस ओढला आणि स्वतःच बटण दाबलं. हिरवी खूण उमटली.

"त्याला तुम्ही काही बोलणार नाही," ती म्हणाली. "शब्द द्या."

"एक शब्द बोलणार नाही," शाईकाका म्हणाले आणि वही मिटली.

गुरुवारी सगळे विमान बघायला गेले. शहराबाहेरच्या लहान धावपट्टीच्या कडेला ते उभं होतं, आणि दलाल त्याच्या नाकावरून असा हात फिरवत होता की जणू त्यानेच वाढवलंय. फुलांचा व्यापारी आला तो आईला घेऊन. पन्नाशीत उडायचं शिकलेला, गोल, घाईघाईने चालणारा माणूस. ट्रकमध्ये फुलं माना टाकतात, पहाटे विमानाने नेली तर दुपारी ताजी विकता येतात, हे गणित त्याने जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, दलालाला दोनदा. आई त्याच्या दंडाला धरून चालत होती. दुसऱ्या हातात पर्स.

"काठी घे म्हटलं तर नको म्हणते," तो म्हणाला.

"काठी घेतली की लोक म्हातारी समजतात," आई म्हणाली. ती शहात्तर वर्षांची होती.

मुलाने तिला हात धरून आत चढवलं. "मागे फुलांची खोकी. आणि ही खिडकीची जागा तुझी, आई. येताना विमान रिकामंच असणार. तुला नदी दाखवतो वरून."

ती बसली, पर्स मांडीवर ठेवली, पट्टा लावून घेतला. मग दाराशी उभ्या असलेल्या शाईकाकांकडे वळली. "ती हिरवी खूण तुमचीच ना? मुलाने दाखवली मला फोनवर. मला त्यातलं कळत नाही, पण कुणीतरी वाचलंय सगळं, एवढं बरं वाटलं."

चार पावलांवर लेक उभी होती. शाईकाकांनी तोंड उघडलं. मग खोकले.

"काका आज गप्प कसे?" व्यापाऱ्याने विचारलं. "विमान झोपेत काय करतं ते आईला सांगा ना."

शाईकाकांनी गळ्याला हात लावून दाखवला, घसा बसलाय. त्यांचा दुसरा हात पंखाच्या मुळाशी, एका लहानशा चौकोनी झाकणाच्या चार स्क्रूंवर होता. चारही स्क्रूंवर ताजा पांढरा रंग साकळला होता. कुणी उघडलेच नव्हते.

"उद्या सकाळी दहा वाजता पक्कं करतो," व्यापारी लेकीला म्हणाला. लेक हसली. परत येताना मोटारीत तिचा गुडघा एकदाही हलला नाही. शाईकाका मात्र वाटेतच उतरले. घसा शेकायचाय, म्हणाले.

शुक्रवारी दहा वाजले. सव्वादहा झाले. भाऊजींनी घंटेचा आवाज मोठा करून ठेवला होता. लेक खुर्चीवर बसली, उठली, टेबलावर बसली. शाईकाका अजून आले नव्हते. साडेदहाला फोन वाजला.

"ताई, माफ करा," व्यापारी म्हणाला. "मी सकाळी दलालाला एवढंच म्हणालो, डाव्या पंखाचं झाकण उघडून दाखवा, मी माझा मेकॅनिक आणतो. तो आधी हसला. मग भडकला. मग त्याने फोनच ठेवला. आता उचलत नाही. मग मी पण विचार केला, की नको."

"हो," लेक म्हणाली.

"आई हिरमुसली आहे. नदी बघायची होती तिला. दुसरं असेल तर सांगा, मी घेणार तुमच्याकडूनच."

"सांगते," लेक म्हणाली, आणि बोलणं संपल्यावरही फोन हातात धरून बसली.

भाऊजींनी घंटेचा आवाज कमी केला. मग आपला चहाचा कप धुऊन, पुसून पिशवीत ठेवला. तो ते रोज टेबलावरच ठेवून जात. "सोमवारपासून संध्याकाळी येत जाईन, वहिनी," ते म्हणाले, "जमेल तेव्हा." जिन्यावर त्यांना शाईकाका भेटले असावेत.

शाईकाका आत आले, टोपी खुंटीला लावली आणि टेबलाशी बसले. दोन्ही हात टेबलाखाली.

"घसा?" लेकीने विचारलं.

"सुटला."

"फुलवाले नाही म्हणाले."

"अरेरे."

"डावा पंख उघडून दाखवा म्हणाले दलालाला. उजवा नाही. नेमका डावा." तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "त्यांना कसं कळलं, बाबा?"

शाईकाकांनी छताकडे पाहिलं. खाली यंत्रांचा फेरा संपला होता आणि खोली कधी नव्हे ती स्थिर होती.

"यावर तुझा विश्वास बसणार नाही," ते म्हणाले. "पण त्याची आई. काल तू दलालाशी बोलत होतीस ना, तेव्हा. म्हातारी खाली उतरली आणि मडकं घेताना वाजवून बघतात तसं तिने विमान वाजवलं. आधी उजवा पंख. टण्ण. मग डावा. तर आवाज आला बद्द. परत वाजवला, परत बद्द. म्हणाली, याच्या पोटात काहीतरी आहे. मी चौतीस वर्षं हँगरमध्ये काढली, पण असा कान बघितला नाही. नुसत्या काठीने, अगं, दोनच ठोके..."

बोलण्याच्या भरात त्यांचे हात टेबलावर आले होते आणि हवेतला पंख वाजवत होते.

लेक ऐकत होती. ऐकता ऐकता तिने माउस ओढला आणि पांढऱ्या-निळ्या विमानाखालची हिरवी खूण काढून टाकली. मग वडिलांचा उजवा हात हवेतल्या हवेत धरला, उलटा केला आणि उजेडात नेला.

"त्या बाईंकडे काठी नव्हती, बाबा," ती म्हणाली. "आणि तुमची बोटं निळी आहेत."