लाल चिंध्या

एकोणीसशे एकाहत्तर सालची गोष्ट. दादा खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर राखणदार होता आणि मी घरी शिवणकाम करायची. दांड्यावर सुरय पक्षी अंडी घालत. घरटं कसलं, वाळूतला एक खळगा; अंडी हुबेहूब खड्यांसारखी. शिंपले वेचणाऱ्यांच्या पायाखाली रोज एखादं फुटायचंच.

त्या वर्षी वनखात्याचे साहेब पाहणीला येणार होते. अंडी-पिल्लं दिसली तर दांडा पक्ष्यांसाठी राखीव राहणार, नाहीतर तिथे धक्का बांधणार, असं पत्रच आलं होतं.

"घरट्याघरट्यापाशी काठी रोवू, वर लाल चिंधी," मी म्हणाले आणि माझा जुना परकर फाडला.

"तुझा परकर आता अख्खं गाव बघणार!"

"बघू दे. तुझ्यानं तर स्थळ शोधवत नाही."

आठवडाभर कुणाचा पाय पडला नाही. मग एका सकाळी दादा धापा टाकत दारात आला. "चल. काही विचारू नकोस, नुसती चल."

बहुतेक काठ्यांवर कावळे बसले होते. खाली टरफलं. चिंधी दिसली की खायला मिळतं, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

काठ्या उपटून आम्ही रिकाम्या वाळूत रोवल्या. कावळे फसले, पण एकच दिवस. ओरडून ओरडून माझा घसा बसला. चौथ्या दिवशी एकच घरटं उरलं, दोन अंड्यांचं.

"खूण नको करू," दादा म्हणाला. "जवळ उभीही राहू नकोस. मेले बघताहेत."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "हं, कुठंय तुमचं घरटं?"

आमची चाहूल लागताच पक्षीण उडाली होती. दादा पुढे झाला, वाकला, थांबला. खडे, शिंपले, पुन्हा खडे.

"इथंच होतं ना गं?"

मलाही दिसेना. दादा पाऊलभर मागे सरकला आणि बारीकसा आवाज झाला. त्यानं पाय उचललाच नाही.

"पाय काढ, दादा," मी म्हणाले.

दोन्ही अंडी टाचेखाली होती.

"साहेब, ही बघा, अंडी होती! आत्ता, या क्षणापर्यंत होती!" दादानं तो ओला चिखल ओंजळीत धरला.

"फुटलेलं मला लिहिता येत नाही हो," साहेब म्हणाले. आवाज वाईट नव्हता त्यांचा.

साहेब पुढे मोठ्या पदावरून निवृत्त झाले. दरवर्षी दादाला शुभेच्छापत्र पाठवायचे; दादानं एकही फोडलं नाही. धक्का झाला, त्यावर खानावळी आल्या. कावळे तिथे उष्ट्यावर मजेत आहेत. सुरय परतले नाहीत. दादा थिएटरात दारवान झाला आणि मरेपर्यंत खाली बघत, पाऊल चाचपत चालला. काय हरवलंय, असं लोक विचारत. माझं लग्न झालं, नातवंडं झाली. शिवणकाम मी पुढेही केलं, पण लाल कापड आलं की परत पाठवायची.