कडेचा रंग

कागद कापला की त्याची कड पांढरी दिसते, वरचा रंग कोणताही असो. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. पण जोडलेल्या कागदी विमानावर ती रेघ भिंतीतल्या भेगेसारखी उठून दिसते. म्हणून प्रभाकर प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी त्याची कड रंगवून घेत.

डोंबिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला, महिनाभर मिग-२१ आकार घेत होतं. नीरजाताईंनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेलं. नेमकेपणाचं त्यांना भारी अप्रूप. त्यांच्याच विणायच्या सुईवर कागद वळवून नवऱ्याने विमानाचं पोट असं गोल केलं होतं, की सांधा बोटालाही लागत नव्हता. बोथट टाचणीने उठवलेले रिव्हेटचे ठिपके, काडीसारख्या पायांवर वाटाण्याएवढी चाकं. भाजी निवडायचं सोडून त्या बघत बसत.

आज मात्र त्यांची नजर अडली. डाव्या पंखाची नवी कड बाकीच्या विमानासारखी राखाडी नव्हती, निळसर होती.

कारण त्यांना लगेच उमगलं. बारीक काम प्रभाकर उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून करत, आणि मोतीबिंदू त्याच डोळ्यात होता. त्याच्या पिवळटपणात निळा रंग विरून जातो. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवाळ्यांपूर्वीच ऑपरेशन सांगितलेलं. "हातातलं विमान होऊ दे," असं प्रभाकर म्हणाले होते. त्यानंतर दोन विमानं झाली. काही बिघडलं तर हे कामही जाईल, ही त्यांची धास्ती ठाऊक असल्यामुळे नीरजाताईंनी टुमणं सोडून दिलं होतं.

"अहो, ते भिंग काढा. डावा डोळा मिटा. ही कड कशी दिसते?"

"राखाडी."

"आता उजवा मिटा."

"बाई रिटायर झाल्या, पण प्रॅक्टिकल काही सुटत नाही!" प्रभाकरांनी उजवा डोळा मिटला. पुन्हा डावा मिटून पाहिला, पुन्हा उजवा.

"अगं, ही तर चक्क निळी आहे."

"पंख उत्तम बसलाय. केसभरही फट नाही."

"ते आहेच गं. पण रंग चुकला, आणि मला कळलंसुद्धा नाही."

त्यांनी ब्रश धुतला. कॉकपिटची काच तेवढी बसवायची राहिली होती. ती चिमट्याने उचलून त्यांनी डबीत ठेवली, झाकण लावलं.

"नीरजा, ठाण्याला फोन लाव," ते म्हणाले. "ऑपरेशन करून घेतो. काच त्यानंतर बसवीन."