बाईंची फाईल

डॉक्टरांच्या दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं सिस्टर होते. त्यांचा हात सोन्याचा, जीभ मात्र कडू जहर. "आता आणलंत? मढं झाल्यावरच आणायचं होतं!" असं बापावर खेकसायचे आणि त्याच्या पोराच्या उशाशी स्वतः बसून राहायचे. लोक शिव्या खायचे आणि पुन्हा त्यांच्याचकडे यायचे. त्याच जोरावर ते आमदार झाले. दवाखाना लेकीकडे आला. तीही डॉक्टर.

दुसऱ्या निवडणुकीत समोर शाळेच्या मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांच्या पायाखालची वाळू सरकली. एका दुपारी लेक जेवायला गेली असताना ते आले.

"सिस्टर, बाईंची जुनी फाईल काढा."

अठ्ठावीस वर्षांची सवय. मी काढून दिली. का म्हणून विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी भर सभेत ते म्हणाले, "यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सहा महिने गोळ्यांवर होत्या. मी सांगतो, मीच त्यांचा डॉक्टर होतो!" शिट्ट्या पडल्या. बाईंची मुलगी गेली होती त्या वर्षी. त्या झोपत नव्हत्या, जेवत नव्हत्या. गोळ्यांचं त्यांच्या सासूलासुद्धा ठाऊक नव्हतं.

सकाळी मी डॉक्टरांच्या घरी गेले. ते दाढी करत होते.

"खोटं बोललो का मी?" आरशातूनच त्यांनी विचारलं.

"खरं होतं, म्हणूनच गप्प बसायचं होतं."

"नोकराने मालकाला शिकवू नये."

"माझा पगार तुमची लेक देते," म्हटलं आणि निघाले.

नऊशे मतांनी ते निवडून आले. गुलाल उतरायच्या आधीच दवाखान्यात माणसं येऊ लागली. औषधाला नव्हे. "आमचे कागद परत द्या." आणि जी तपासायला यायची, ती तोंड उघडेनात. एक नवी सून पोट धरून आली. लेकीने खोदून खोदून विचारलं. "काही नाही, पित्त आहे," एवढंच ती म्हणत राहिली. दोन दिवसांनी दुसऱ्या इस्पितळात तिचा गर्भ पडला. तिथून लेकीला फोन आला. मग तिने बापाविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे तक्रार लिहिली. साक्षीदार म्हणून मी सही केली. फाईल मीच दिली, हेही लिहून दिलं.

डॉक्टर तरातरा दवाखान्यात आले. "घरभेदी! यासाठी शिकवलं तुला?"

"बाबा, पेशंट बसलेत. बाहेर व्हा."

"हा दवाखाना माझा आहे!"

"मग बसा खुर्चीत. बघू कोण येतंय."

बाकावरचं कुणीच हललं नाही. एक म्हातारा तेवढा जमिनीवर थुंकला. मीही त्याला हटकलं नाही.

डॉक्टरांची सनद रद्द झाली. आमदारकी शाबूत आहे. बाप-लेकीचं बोलणं बंद आहे.

मी बाईंची माफी मागायला गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"तुम्हीच दिलीत ना?"

"हो."

"वाचली होती कधी?"

"मीच लिहायचे त्यात. तुमचं वजन, झोप…"

"मग तुम्हाला तर माहीत होतं सगळं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचं ऐकलं आणि मी जिना उतरले.